ऑक्टोबरचा नंबर

१

बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी एमरिस व्हॉनचं खाकी पाकीट ट्रेमध्ये नव्हतं.

इद्रिस प्रॉबर्टने आधी ट्रे पाहिला, मग खालचा कप्पा, मग कचऱ्याची टोपली आणि मग पुन्हा ट्रे. हरवलेली वस्तू जिथे नाही हे पक्कं कळलेलं असतं, तिथेच माणूस दोनदा बघतो.

काल संध्याकाळी पाचला त्याने स्वतःच्या हाताने ते तिथे ठेवलं होतं. त्यात एमरिसची सैन्यातली वैद्यकीय फाइल होती. ब्याऐंशी साली फॉकलंड बेटांच्या लढाईत एमरिसचा एक गुडघा फुटला, पाय आणि दोन्ही हात भाजले. आता त्रेसष्टाव्या वर्षी त्या गुडघ्याने पुरता संप पुकारला होता. एमरिस घरचा जिना बसून, एकेक पायरी घसरत उतरायचा. सैन्यात झालेल्या दुखापतीला सरकारी आरोग्यसेवेत जरा आधी नंबर लागतो, पण दुखापत तिथलीच आहे असं कागदाने सांगावं लागतं. तो कागद मागवायला इद्रिसला अकरा आठवडे लागले होते. फोन किती केले ते त्याने मोजणंच सोडून दिलं होतं.

आज सकाळी फाइल मशीनवर स्कॅन करून मोठ्या हॉस्पिटलला पाठवायची होती. तिथल्या हाडांच्या सर्जनकडे ऑक्टोबरमधला एकच दिवस उरला होता. उद्या, गुरुवारी, दुपारी बारापर्यंत कागद पोचले तर तो दिवस एमरिसचा, नाही पोचले तर यादीतल्या पुढच्या माणसाचा.

"मी हात लावलेला नाही," काउंटरवरची मेरिएल बेनन म्हणाली. "माझ्याकडे असं बघू नकोस, इद्रिस बाख."

वेल्सच्या त्या भागात लाडाने कुणालाही 'बाख' म्हणतात. मेरिएल रागावली की जास्तच म्हणायची.

इद्रिस सदुसष्ट वर्षांचा होता. बावीस वर्षं लष्करी पोलिसात काढून तो सार्जंट म्हणून निवृत्त झाला होता, आणि आता आठवड्यातले दोन दिवस पेनवर्न गावच्या या दवाखान्यात माजी सैनिकांचं टेबल सांभाळायचा. पगार नव्हता. चहा मिळायचा, तोही मेरिएलच्या मर्जीवर. त्याला या सगळ्याचा खरं तर कंटाळा आला होता, पण घरी बसायचा त्याहून जास्त कंटाळा यायचा.

तो ट्रेकडे बघत राहिला. काल त्याने कागद जसे हाताला आले तसे टाकले होते. आता ते मोठा खाली, लहान वर, कडेला कड जुळवून ठेवलेले होते. अशी चळत त्याने आयुष्यात हजारदा पाहिली होती. आणि ती रचणाऱ्यांतला एकही माणूस साधा नागरिक नव्हता.

२

गावाचा संशय मात्र नऊ वाजून वीस मिनिटांनीच ठरला होता. कीथ सँडफर्ड.

कीथ हा निवृत्त विमा एजंट. त्याच्या खांद्याचं ऑपरेशन वर्षभर अडकलं होतं. सोमवारीच त्याने भर दवाखान्यात तोंड सोडलं होतं, की चाळीस वर्षांपूर्वी कुणी बंदूक उचलली म्हणून आम्ही खांदा धरून बसायचं का. आजही तो समोरच्या खुर्चीत बसून होता.

"या, सार्जंट," कीथ म्हणाला. "बेड्या आणल्यात का? डाव्या हाताला घाला, उजवा वर जात नाही."

"किती वाजता आलात?"

"नऊच्या ठोक्याला. माझी वेळ नऊची होती. दार कुणी उघडून धरलं माहितीये? तुमच्या त्या एमरिसनेच. स्वतःला धड उभं राहता येत नाही आणि मला म्हणतो, या साहेब." कीथ जरा घुटमळला. "मी बोललो ते नियमावर बोललो. त्याच्यावर नाही. त्याचा जिना मी पाहिलाय."

मेरिएलने मान हलवली. ती पावणेनऊला चहाचा कप घेऊन काउंटरवर बसली ती उठलीच नव्हती. ट्रे तिच्या पाठीला लागून. तिच्या समोरून कीथ तिथे जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे पाकीट गेलं ते पावणेनऊच्या आधी.

"दवाखाना तर पावणेनऊलाच उघडतो," इद्रिस म्हणाला. "त्याआधी आत कोण होतं?"

"कोणी नाही. डॉक्टरीणबाई आल्या नऊला."

"नीट आठव."

"कोणी नाही म्हटलं ना. म्हणजे, तुमची ती माणसं सोडून."

इद्रिसने डोळे मिटले. तुमची माणसं. सैन्यात कर्नल नऊ म्हणतो, मेजर पाच मिनिटं आधी बोलावतो, कॅप्टन त्याच्याआधी पाच, आणि सार्जंटपर्यंत येईतो बिचारे शिपाई साडेआठलाच उभे असतात. चाळीस वर्षं झाली तरी ही खोड जात नाही. नऊची वेळ दिलेला माजी सैनिक साडेआठला दवाखान्याच्या दाराशी हजर असतो आणि मेरिएलला त्याची दया येते. ती त्याला बाजूच्या दाराने आत घेते, आणि मग मागे चहा करायला जाते.

"आज कोण होतं?"

"एमरिसच की. कागद आज जातायत ना, विचारायला आला होता. नऊला गेला."

पण फाइल त्याचीच होती. स्वतःचं ऑपरेशन कोण चोरतो? इद्रिसने त्याला फोन लावला. पाकीट हरवल्याचं सांगितलं.

 पलीकडून एमरिस म्हणाला, "जाऊ दे रे, लाल टोपी. मग पुढच्याचा नंबर लागेल. त्यालाही दुखत असेलच."

लष्करी पोलिसांना शिपाई त्या टोपीवरून चिडवायचे. एमरिसने ती चेष्टा चार दशकं जपली होती. इद्रिसला वाटलं, दमला बिचारा. त्याने फोन ठेवला.

तेवढ्यात मेरिएल म्हणाली, "थांब रे. आणखी एक होती. पण ती तुमच्यातली नाही म्हणून सांगितलं नाही. नेस्टा हॉवेल्स."

"ती कशाला आली साडेआठला?"

"ती नेहमीच येते तशी. खुब्याने इतकी वाकलीये, थंडीत बाहेर कशी उभी करणार? औषधाची चिठ्ठी घेऊन गेली." मेरिएलने आवाज खाली आणला. "आणि इद्रिस, यादीत एमरिसनंतर नंबर तिचाच आहे."

३

नेस्टा हॉवेल्स एकोणसत्तर वर्षांची. नवरा बसचा ड्रायव्हर होता, तो जाऊन पाच वर्षं झाली. बारा वर्षांपूर्वी दोघं किनाऱ्याकडून इकडे राहायला आली होती. खुब्याच्या ऑपरेशनसाठी ती दोन वर्षं थांबली होती, आणि पलंगावर चढता येत नाही म्हणून खुर्चीतच झोपायची. हे सगळं इद्रिसला कागदावरून माहीत होतं. तिच्या घरात तो पहिल्यांदाच आला होता.

तिने चहा केला. किटलीपासून टेबलापर्यंतची चार पावलं टाकायला तिला दोन ठिकाणी थांबावं लागलं. इद्रिस मदतीला उठला तर तिने नुसत्या नजरेने त्याला खाली बसवलं. मनुका घातलेले वेल्श केक पुढे केले आणि मग ती खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देत बसली.

"तुम्ही मला विचारायला आलात, मी चोरलं का म्हणून," ती म्हणाली.

"मी सगळ्यांनाच विचारतोय, मिसेस हॉवेल्स."

"बरं मग. नाही चोरलं. मिळू दे त्याला. मी दोन वर्षं काढली, आणखी सहा महिन्यांनी काय होणार आहे?" तिने कप खाली ठेवला. "त्याला गरज आहे. डाव्या मांडीची कातडी काढून लावली होती, तीही घाईघाईत. ती आवळून बसली. थंडी पडली की ओढते. गुडघ्याचं करतील तेव्हा तेही बघा म्हणावं. आणि हातांचं काय, तीन आठवडे बिचाऱ्याचे हात प्लास्टिकच्या पिशव्यांत. नाक खाजलं तरी खाजवता येत नव्हतं. वेल्शमधून अशा शिव्या द्यायचा."

ती हसली. इद्रिसही सवयीने हसला, केक संपवला, आभार मानून निघाला.

फाटकापाशी तो थांबला. डाव्या मांडीची कातडी.

एमरिस भर उन्हाळ्यात समुद्रावरही लांब पँट घालतो. त्याचा पाय गावात कुणी पाहिलेला नाही. मांडीच्या कातडीचं इद्रिसला कळलं ते फक्त एका जागी, त्या फाइलच्या चौथ्या पानावर. म्हणजे या बाईने ती फाइल उघडून वाचली होती.

४

"की तिने एमरिसचा पाय पाहिलाय?" मेरिएल म्हणाली. तिचे डोळे चमकले. "विधवा बाई, सडा माणूस. मी काही म्हणत नाही हं."

"तू काही म्हणूच नकोस," इद्रिस म्हणाला.

दुपारचे दोन वाजले होते. डॉक्टर हाश्मी दारात उभ्या राहून सँडविच खात होत्या. जेवायला खुर्चीत बसणं त्यांना बहुधा माहीतच नव्हतं.

"सार्जंट, मला उद्या बाराच्या आत काहीतरी द्या," त्या म्हणाल्या. "चोर नकोय मला. कागद हवाय."

इद्रिस आपल्या टेबलाशी जाऊन बसला. नेस्टाला दोषी धरणं सोपं होतं. संधी होती, कारण होतं आणि तिच्याच तोंडून निघालेला पुरावा होता. लष्करी पोलिसात असता तर त्याने पाचच्या आत जबाब टाइप केला असता. पण चोरी करून आलेली बाई पोलिसाला चहा पाजून फाइलमधला मजकूर सांगत बसते, हे त्याला पटेना.

आणि दुसरं म्हणजे त्या पिशव्या. त्याने डोक्यातल्या डोक्यात चौथं पान पुन्हा वाचलं. हातांबद्दल तिथे लिहिलं होतं, दवाखान्याच्या जहाजावर दाखल, दोन्ही हात भाजलेले, मलमपट्टी. इतकंच. पिशव्या नव्हत्या. खाजणारं नाक नव्हतं. वेल्शमधल्या शिव्या तर कुठल्याच सरकारी कागदावर नसतात.

ते फाइलमधून कळणं शक्य नव्हतं. एमरिसने सांगितलं असेल? एमरिस त्या दिवसांबद्दल इद्रिसशीही बोलत नसे, आणि इद्रिसने तर त्याला दोनदा दारूच्या नशेतून उचलून घरी नेलं होतं. मग ज्याने ते पाहिलं असेल, तोच असं बोलेल. खाटेच्या बाजूला उभं राहून.

आता साडेआठच्या त्या दाराकडे त्याने नव्याने पाहिलं. मेरिएल म्हणाली होती, तुमची माणसं सोडून. एक तुमच्यातला आणि एक नाही. पण नेहमीच अर्धा तास आधी येऊन थंडीत ताठ उभी राहणारी ती बाई. तिला तुमच्यातली नाही, असं ठरवलं कुणी?

त्याला सकाळचा एमरिसचा फोन आठवला. अकरा आठवडे वाट बघितलेली फाइल गेली, आणि हा माणूस चिडला नाही. कुठे गेली, कुणी नेली, एक अक्षर विचारलं नाही. पुढच्याचा नंबर लागेल म्हणाला. दमलेली माणसं इद्रिसने खूप पाहिली होती. दमलेला माणूसही एवढं तरी विचारतो.

"मेरिएल," तो म्हणाला, "आज सकाळी नेस्टाशी तू काय बोललीस?"

"काही नाही. धीर दिला. म्हटलं, एमरिसचे कागद आज गेले की तुमचं आता वसंतात बघू, बाई."

"आणि एमरिस कुठे होता?"

"तिच्या शेजारच्याच खुर्चीत," मेरिएल म्हणाली. "आणि मी मग मागे चहा करायला गेले."

५

एमरिस जिन्याच्या खालून चौथ्या पायरीवर बसला होता. उतरता उतरता दम घ्यायला थांबला असावा. पाकीट त्याच्या मांडीवर होतं.

"वेळ लावलास," तो म्हणाला. "पूर्वी तुम्ही लोक लवकर यायचात."

"वय झालं." इद्रिस खालच्या पायरीवर टेकला. दोघांचेही गुडघे वाजले. "कागद नीट रचायची काय गरज होती? तिथेच सापडलास."

"हात गेला आपोआप. तो पसारा बघवेना."



"ती तिथे होती ना?" इद्रिसने विचारलं. "दवाखान्याच्या जहाजावर."

एमरिसने पाकिटाची कड बोटाने सरळ केली. "नौदलातली नर्स. रात्री मी ओरडायचो, तर माझ्या खाटेशी बसून मला फुटबॉलचे निकाल सांगायची. सगळे खोटे. आमचा संघ दर वेळी जिंकायचा. ती इथे राहायला आली तेव्हा मी दुकानात नुसता आवाज ऐकला आणि माझ्या हातातलं दूध पडलं. तिने सांगितलं, यातलं कुणाला बोलायचं नाही. मी शब्द दिला."

"का पण?"

"ते तिला विचार. तिचा खुबा कुठे मोडला तेही विचार. मी शब्द दिलाय." त्याने पाकीट पुढे केलं. "तिला वसंतापर्यंत खुर्चीत झोपवून मी ऑक्टोबरात गुडघा करून घेऊ? मला नाही जमणार, इद्रिस. तू हवं तर आत टाक."

इद्रिसने पाकीट घेतलं. तो दारापर्यंत गेला आणि परत आला, एमरिसला खांदा देऊन शेवटच्या चार पायऱ्या उतरवल्या, आणि मग नेस्टाकडे गेला.

तिने दार उघडलं. या वेळी त्याने बसायच्या आधीच विचारलं.

"मिसेस हॉवेल्स, तुम्ही सैन्यदलात होता का? तुम्ही स्वतः?"

ती दाराची चौकट धरून उभी राहिली.

"सात वर्षं," ती म्हणाली. "त्र्याऐंशी साली काढलं. पोटुशी होते. तेव्हा तोच नियम होता. पोट दिसायच्या आत कपडे परत करा आणि चालू लागा. निरोप नाही, काही नाही. दारावरच्या शिपायाने सलामसुद्धा केला नाही." ती हळूहळू खुर्चीकडे वळली. "मग मी माजी सैनिक कसली? ते मेडल लावून फिरतात ते माजी सैनिक. मला तर घालवून दिलेलं."

"आणि खुबा?"

"जहाजाच्या शिडीवर. समुद्र खवळलेला होता, स्ट्रेचरचं एक टोक माझ्याकडे होतं. मी सोडलं असतं तर वरचा मुलगा पडला असता. मग मीच पडले. त्यांनी लिहून ठेवलंय कुठेतरी."

 इद्रिस म्हणाला, "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने मान वर केली. तिला राग आला नव्हता, आणि तेच त्याला जड गेलं.

"तुम्ही विचारलं होतं ना मला, दोन वर्षांपूर्वी," नेस्टा म्हणाली. "खुब्यासाठी पहिल्यांदा आले तेव्हा. तुम्हीच होता त्या टेबलाशी. तुम्ही विचारलं, तुमचे मिस्टर सैन्यात होते का? मी म्हटलं, नाही, बस चालवायचे. तुम्ही खूण केली आणि म्हणालात, पुढचे या."

६

दवाखाना बंद व्हायला वीस मिनिटं होती. इद्रिसने डॉक्टर हाश्मींच्या टेबलावर खाकी पाकीट ठेवलं, आणि त्याच्या बाजूला दोन वर्षांपूर्वीचा नेस्टाचा फॉर्म. खाली सही त्याची होती. सैन्यदलात सेवा, नाही.

"चोर सापडला का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सापडला. तो मी आहे," इद्रिस म्हणाला, आणि सगळं सांगितलं. एमरिसने काय केलं तेही सांगितलं, पण आपलं आधी सांगितलं. बावीस वर्षं त्याने लोकांचे जबाब घेतले होते. प्रश्नच चुकीच्या माणसाबद्दल विचारला तर खरं उत्तर मिळूनही फसगत होते, हे त्याने नवशिक्यांना शिकवलं होतं. स्वतःच्या टेबलाशी बाई आली तेव्हा तो ते विसरला. लाज वाटली त्याला, आणि ती त्याने लपवली नाही.

"तिची फाइल मागवायला अकरा आठवडे लागतील," तो म्हणाला. "आणि उद्या बारापर्यंत..."

"फाइल मागून येईल," डॉक्टर हाश्मी म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड ओढला. "तिचा एक्स-रे माझ्याकडे आहे. जुनं मोडलेलं हाड त्यात मला पहिल्या दिवसापासून दिसतंय. कुठे मोडलं, हे मीही विचारलं नव्हतं. बसा. दोन्ही पत्रं आत्ताच लिहू."

दोन्ही पत्रं त्याच संध्याकाळी गेली. हॉस्पिटलचा फोन गुरुवारी दुपारी चारला आला. हक्क दोघांचा सारखा, पण बाई दोन वर्षं थांबल्यात, तेव्हा ऑक्टोबर त्यांचा. एमरिसला जानेवारीचा दिवस मिळाला. इद्रिसने सांगितल्यावर एमरिस म्हणाला, "बघ, चोरी न करता पण जमलं असतं," आणि बराच वेळ हसत राहिला.

नेस्टा मात्र हसली नाही. सर्जनने तिला तपासायला बोलावलं, तेव्हा इद्रिसच तिला गाडीने घेऊन गेला. परत येताना तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, की ऑपरेशन होईल, दुखणं जाईल, पलंगावर झोपता येईल. पण हाड फार झिजलंय, काठी कायमची राहील. दोन वर्षांपूर्वी आल्या असत्यात तर लागली नसती, असं तो सहज बोलून गेला.

"मी आले होते, असं मी त्याला सांगितलं नाही," ती म्हणाली.

इद्रिसने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. माफी मागायची होती, शब्दही जमवले होते. नेस्टाने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "रडायचं असेल तर रडा, पण मग गाडी मी चालवते."

दुसऱ्या दिवशी त्याचा कामाचा वार नव्हता, तरी तो दवाखान्यात गेला. मेरिएलकडून त्याने यादी मागून घेतली. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या बायका, ज्यांच्या फॉर्मवर 'नाही' होतं. चारशे अकरा नावं निघाली. मेरिएलने न सांगता चहा आणून ठेवला.

त्याने पहिला नंबर फिरवला. पलीकडे टीव्ही चालू होता, आणि एक म्हातारा पुरुष कुणावर तरी कुरकुरत होता.

"मिसेस प्रॉसर? मी दवाखान्यातून प्रॉबर्ट बोलतोय. तुमच्या मिस्टरांबद्दल नाही, तुमच्याबद्दल विचारायचंय. तुम्ही स्वतः कधी सैन्यदलात होता का?"

टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला.

"एक मिनिट थांबा," बाई हळू आवाजात म्हणाली, "जरा दार लावून येते."